मोठ्या दुर्बिणींच्या शोधांवर जाहीर व्याख्यान: ४५ मिनिटांत काय घ्यावं, काय सोडावं?

शततारका

नमस्कार मंडळी. मोठ्या दुर्बिणींनी लावलेल्या शोधांवर सर्वसामान्य श्रोत्यांसाठी व्याख्यान तयार करायचं आहे. ४५ मिनिटं बोलणं, नंतर १५ मिनिटं प्रश्न. सभागृहात साधारण दीडशे माणसं, आठवीच्या मुलांपासून निवृत्त अभियंत्यांपर्यंत. आराखड्यात सध्या ६२ स्लाइड आहेत आणि क्रम असा: १९२३ साली खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलने माउंट विल्सनच्या २.५ मीटर दुर्बिणीतून देवयानी दीर्घिकेत ओळखलेला सेफीड (ठरावीक काळाने तेज कमी-जास्त होणारा) तारा. १९६३ साली मार्टेन श्मिटने पालोमारच्या ५ मीटर दुर्बिणीच्या आधारे उलगडलेला ३सी २७३ या क्वेसारचा (अतिदूरच्या, अतितेजस्वी दीर्घिका-केंद्राचा) वर्णपट. विश्वाचं प्रसरण वाढत्या वेगाने होत असल्याचा १९९८ चा शोध. आकाशगंगेच्या केंद्रातलं कृष्णविवर. एचआर ८७९९ या ताऱ्याभोवतालच्या ग्रहांच्या थेट प्रतिमा. एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराची सावली. शेवटी जेम्स वेब अवकाश दुर्बीण.

अडतंय ते पुढे देतो.

एक, सगळं घेतलं तर नुसती पळापळ होते. काय वगळावं?
दोन, कृष्णविवराचं वस्तुमान ‘मोजलं’ म्हणजे नेमकं काय केलं, हे आठवीच्या मुलाला पटेल आणि अभियंत्यालाही फसवणूक वाटणार नाही असं कसं मांडावं?
तीन, वेबची चित्रं लॅपटॉपवर झकास दिसतात आणि पडद्यावर राखाडी चिखल होतो.
चार, ‘हे रंग खरे का?’ हा प्रश्न हमखास येतो. एका वाक्यात प्रामाणिक उत्तर काय द्यावं?

कृपया ‘सोपं करून सांगा’ एवढंच सांगू नका. नेमकं काय सांगावं, कुठला आकडा वापरावा, कुठे घसरायला होतं, ते हवं आहे.

लोलक

६२ स्लाइड ४५ मिनिटांत म्हणजे एका स्लाइडला ४३ सेकंद. तेवढ्या वेळात माणूस चित्र बघतो, शीर्षक वाचतो आणि पुढची स्लाइड येते. मोजमाप कसं झालं हे सांगायला जागाच उरत नाही, आणि अशा व्याख्यानात सांगण्यासारखं खरं तर तेच असतं. चित्रं लोकांनी मोबाइलवर आधीच पाहिलेली असतात.

सात शोधांऐवजी एकच घ्या. माझा कौल आकाशगंगेच्या केंद्राला. मोठा आरसा कशाला, अवरक्त प्रकाश कशाला, हवेवर मात कशी केली, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या एका शोधाच्या पोटात आहेत. वेगळी प्रस्तावना लागत नाही.

वेळेचा हिशोब साधारण असा ठेवता येईल.

पहिली चार मिनिटं धनू राशीकडे बघणारं आकाशगंगेचं छायाचित्र, एकच. केंद्र कुठे आहे ते बोटाने दाखवा आणि सांगा की तिथून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या लाख कोटी फोटॉनांतला जेमतेम एक आपल्यापर्यंत पोचतो, बाकीचे वाटेतली धूळ गिळते. त्याच धुळीतून २.२ मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अवरक्त प्रकाशातला मात्र दहातला एक येतो. लगेच तीच जागा अवरक्तात दाखवा. ‘अवरक्त का’ हे यापुढे पुन्हा समजावावं लागत नाही.

पुढची दहा-बारा मिनिटं आरसा आणि हवा. याबद्दल इथले इतर जण जास्त चांगलं सांगतील.

मग व्याख्यानाचा गाभा: एस२ नावाचा तारा. राइनहार्ड गेन्झेल यांचा गट १९९२ पासून चिलीतल्या दुर्बिणींतून, आणि अँड्रिया गेझ यांचा गट १९९५ पासून हवाईतल्या केक दुर्बिणीतून, या भागातल्या ताऱ्यांच्या जागा वर्षानुवर्षं मोजत राहिला. दोघांनाही २०२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं (अर्धं पारितोषिक रॉजर पेनरोझ यांना, तेही याच विषयातल्या सैद्धांतिक कामासाठी). एस२ एका रिकाम्या दिसणाऱ्या बिंदूभोवती १६ वर्षांत फेरी पूर्ण करतो. त्याचं चलचित्र एकदा दाखवा, काही न बोलता. दुसऱ्यांदा दाखवा आणि तारा सगळ्यांत वेगाने वळतो तिथे थांबवा.

आता गणित. केप्लरचा तिसरा नियम सूर्याच्या एककांत लिहिला की सगळे स्थिरांक गळून पडतात: अंतर खगोलीय एककांत (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) घ्या, त्याचा घन करा, वर्षांच्या वर्गाने भागा, सूर्याच्या किती पट वस्तुमान ते मिळतं. आधी पृथ्वीवर करून दाखवा, १ भागिले १ बरोबर १, म्हणजे एक सूर्य. मग एस२: कक्षेच्या मोठ्या अक्षाचा निम्मा भाग सुमारे १,००० एकक, काळ १६ वर्षं. हजाराचा घन १०० कोटी, १६ चा वर्ग २५६. भागाकार सुमारे ३९ लाख. हा भागाकार श्रोत्यांनाच मोबाइलवर करायला लावा आणि उत्तर त्यांच्याकडून येऊ द्या. दीडशे माणसांनी स्वतः कृष्णविवर तोललं की पुढचं सगळं ती वेगळ्या कानाने ऐकतात.

इथे तीन जागी घसरायला होतं.

पहिली: पडद्यावर दिसणारं लंबवर्तुळ म्हणजे खरी कक्षा नव्हे, ती आपल्याकडे तिरकी आहे. त्यामुळे कृष्णविवर दिसणाऱ्या लंबवर्तुळाच्या नाभीवर पडत नाही. शाळेत नाभी शिकलेला मुलगा हे नक्की पकडतो. हातात बांगडी किंवा तारेचं वळं धरून ते तिरकं करून दाखवा, दहा सेकंदांत प्रश्न मिटतो.

दुसरी: १,००० एकक हा आकडा आला कुठून, हे गिळून टाकू नका. आकाशात मोजला जातो तो कोन, तिरकेपणा काढून टाकल्यावर ०.१२५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). त्याला केंद्राच्या पार्सेकमधल्या (एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं) अंतराने गुणलं की खगोलीय एकक मिळतात. अंतर पुन्हा याच ताऱ्यावरून निघतं: वर्णपट दर सेकंदाला किती किलोमीटर ते सांगतो, प्रतिमा दर वर्षाला किती विकला ते सांगते, दोन्ही जुळवायला एकच अंतर बसतं.

तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची: मोठं वस्तुमान मिळालं म्हणून कृष्णविवर सिद्ध झालं असं नाही. अंधारात विझलेल्या ताऱ्यांचा थवा का नसावा? उत्तरासाठी ताऱ्याची सगळ्यांत जवळची फेरी लागते. मे २०१८ मध्ये एस२ केंद्रापासून १२० खगोलीय एककांवरून, सेकंदाला साधारण ७,६५० किलोमीटर वेगाने गेला. म्हणजे सगळं वस्तुमान त्या आतल्या जागेत मावायला हवं. शिवाय ते पसरलेलं असतं तर लंबवर्तुळ फेरीगणिक उलट्या दिशेने सरकलं असतं. ते सरकतं सुलट दिशेने, एका फेरीत सुमारे १२ कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), आणि आइनस्टाइनच्या सामान्य सापेक्षतेचं भाकीत तेवढंच आहे. हे मोजमाप २०२० साली प्रसिद्ध झालं. यावर पाच मिनिटं द्या. नेमका हाच भाग घाईत कापला जातो.

षट्कोन

लोलक यांच्याशी बव्हंशी सहमत, फक्त त्यांच्या भागाकाराबद्दल एक सूचना. ३९ लाख आल्यावर कुणी ‘पण सगळीकडे ४३ लाख लिहिलंय’ असं म्हणणारच. दुसऱ्या ओळीत १,०३४ एकक आणि १६.०५ वर्षं हे आकडे तयार ठेवा, उत्तर ४२.९ लाख येतं. अंतरातला साडेतीन टक्क्यांचा फरक घन केल्यावर दहा टक्के होतो, हेही दिसतं. अभियंते यावर खूश होतील.

आता आरसा.

‘ही दुर्बीण किती पट मोठं दाखवते’ हा प्रश्न येण्याआधीच मोडून काढा. मोठ्या दुर्बिणीची कामं दोन: जास्त प्रकाश गोळा करणं आणि जवळजवळचे ठिपके वेगळे दाखवणं. दोन्हींचा एकेक आकडा पुरे. अंधारात डोळ्याची बाहुली ७ मिलिमीटर उघडते, केकचा आरसा १० मीटर. क्षेत्रफळांचं गुणोत्तर सुमारे २० लाख. दुसरं, १० मीटरचा आरसा २.२ मायक्रॉनला ०.०५५ विकलांइतक्या जवळचे ठिपके वेगळे करू शकतो. विकला कुणाला कळत नाही म्हणून नाण्यावर या: अडीच सेंटिमीटरचं नाणं पाच किलोमीटरवरून एक विकला दिसतं, आणि ०.०५५ विकला दिसायला ते ९० किलोमीटरहून लांब न्यावं लागतं.

आकार डोळ्यांनी दाखवायचा असेल तर व्याख्यानाआधी बाहेरच्या मोकळ्या जागेत पाच मीटर दोरी आणि खडू घेऊन वर्तुळ काढा. क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस मीटर, चौरस मीटरला दोन माणसं धरली तर तुमचे दीडशेच्या दीडशे श्रोते आत उभे राहतात. येताना त्यातून चालत यायला सांगा. जमलं तर त्याच केंद्रावर ६.५ मीटर (वेब) आणि २.४ मीटर (हबल अवकाश दुर्बीण) व्यासाची वर्तुळंही काढा. चिलीत उभारल्या जात असलेल्या ३९ मीटर व्यासाच्या ईएलटी दुर्बिणीचं एक टोक कुठल्या भिंतीपर्यंत जाईल ते नुसतं हाताने दाखवलं तरी चालतं.

एकसंध काच ८.४ मीटरच्या पुढे कुणी का ओतत नाही, हेही सांगण्यासारखं आहे. वाहतूक आणि भट्टी ही कारणं आहेतच, पण खरा शत्रू वजन. आरसा कलला की स्वतःच्या वजनाने वाकतो. चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीच्या ८.२ मीटर आरशाची जाडी फक्त १७.५ सेंटिमीटर आहे. तो मुद्दामच लवचीक ठेवलाय आणि खालून १५० आधार त्याला सतत आकारात ठेवतात. केकने दुसरी वाट धरली: ३६ षट्कोनी तुकडे, प्रत्येक १.८ मीटर रुंद, साडेसात सेंटिमीटर जाड, मधली फट ३ मिलिमीटर. कडांवरचे १६८ संवेदक आणि मागचे १०८ सरकवणारे दट्टे मिळून ते तुकडे काही नॅनोमीटरच्या आत जुळवून ठेवतात. पुठ्ठ्याचे ३६ षट्कोन कापून फळ्यावर चिकटवा, मधली जागा रिकामी सोडा. षट्कोनच का, हे मुलांना चिकटवता चिकटवता समजतं: फटी न ठेवता बसतात आणि गोलाच्या जवळ जातात.

हवेचा भाग मात्र जपून. दृश्य प्रकाशात चांगल्या जागीही हवेचे सारख्या तापमानाचे पट्टे १०-२० सेंटिमीटरचेच असतात. त्यामुळे हवेवर काही उपाय केला नाही तर १० मीटरची दुर्बीण तपशिलाच्या बाबतीत १०-२० सेंटिमीटरच्या दुर्बिणीपुढे जात नाही, नुसता जास्त प्रकाश गोळा करते. हे वाक्य ऐकून सभागृह थबकतं, तिथे थांबा. मग ॲडॅप्टिव्ह ऑप्टिक्स: संवेदक प्रकाशाची लहर किती मुरगळलीय ते बघतो, एक छोटा लवचीक आरसा सेकंदाला शेकडो ते हजार वेळा आकार बदलून ती सरळ करतो. जवळ तेजस्वी तारा नसेल तर ५८९ नॅनोमीटरचा नारिंगी-पिवळा लेझर सुमारे ९० किलोमीटर उंचीवरच्या सोडियमच्या थरावर मारून कृत्रिम तारा तयार करतात. दुर्बिणीतून निघणाऱ्या लेझरचं चित्र दाखवलं की लोकांना तो मोजमापाचा किरण वाटतो, ‘ताऱ्यावर लेझर मारतात’ असं समजून घरी जातात. म्हणून चित्राआधी वाक्य, मग चित्र.

प्रयोग करायचा असेल तर एक मिलिवॉटच्या आतला लेझर, तो स्टँडवर घट्ट बसवलेला, ठिपका श्रोत्यांपासून दूर समोरच्या भिंतीवर, आणि किरणाखाली हेअर ड्रायरची गरम हवा. भिंत १० मीटरवर असेल तर ठिपका थरथरताना शेवटच्या रांगेलाही दिसतो. दोन मीटरवर काहीच दिसत नाही, प्रयोग फसतो तो बहुधा यामुळे. हातात लेझर धरून करू नका, हाताचाच कंप दिसेल.

एका मुद्द्यावर लोलक यांच्याशी मतभेद आहे. एकच शोध घेतला तर श्रोता ‘मोठी दुर्बीण म्हणजे मोठा शोध’ एवढंच घेऊन जातो. म्हणून दोन मिनिटांचा एक उलटा दाखला हवा. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह, ५१ पेगासी बी, १९९५ साली मेयर आणि केलोझ यांनी शोधला तो फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेच्या १.९३ मीटर दुर्बिणीवर. केक तोवर कामाला लागली होती. तिथे आरशापेक्षा वर्णपटमापक महत्त्वाचा ठरला. ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याच्या ग्रहमालेचा माग लागला तोही ६० सेंटिमीटरच्या दुर्बिणीने. मोठ्या आरशाचं मोल त्यानंतर आणखी नीट कळतं.

मंदप्रभा

चित्रांबद्दल लिहितो, कारण सगळ्यांत जास्त मेहनत इथेच वाया जाते.

राखाडी चिखलाचं कारण प्रोजेक्टर नसून खोली असते. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, फक्त प्रकाश न टाकणं त्याला जमतं. पडद्यावर पांढऱ्याचा प्रकाश २०० लक्स आणि दिव्यांचा-खिडक्यांचा १० लक्स पडत असेल, तर सगळ्यांत उजळ आणि सगळ्यांत काळ्यात फरक उरतो वीसेक पटीचा. तेजोमेघाचे मंद पदर त्याच्या खाली गाडले जातात. उपाय क्रमाने असे:

१. पहिली स्लाइड चाचणीची ठेवा: काळ्यावर ०, २, ४, ६, ८, १०, १५, २० टक्के राखाडी चौकोन शेजारी शेजारी. सभागृहात दिवे जसे असणार तसे ठेवून बघा, कुठल्या चौकोनापासून फरक दिसायला लागतो.
२. आठ टक्क्यांपासून दिसत असेल, तर प्रत्येक चित्रातला महत्त्वाचा मंद भाग त्याच्या वर उचला. हे कर्व्हने करा, ब्राइटनेसच्या पट्टीने नाही. ब्राइटनेस सगळंच वर सरकवतो आणि ताऱ्यांचे गाभे जळतात.
३. प्रोजेक्टरचा ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोड बंद. तो मधल्या छटा खातो.
४. पडद्यावर पडणारे पुढचे दिवे बंद, मागचे मंद. पूर्ण अंधारही नको, श्रोत्यांचे चेहरे दिसले नाहीत तर कुणाला कळलं नाही ते कळत नाही.

दिवे बंदच होणार नसतील तर एस२ सारखी चित्रं उलटी करून दाखवा, पांढऱ्यावर काळे तारे. खगोलशास्त्रज्ञ काचपट्ट्यांच्या काळापासून असंच बघत आले आहेत, आणि उजेडात मंद तारे तसेच जास्त दिसतात. एक वाक्य सांगून टाकायचं, बस.

अक्षरं वाचता येतील का याची चाचणी घरी होते. सभागृहात पडद्याची उंची २ मीटर आणि शेवटची रांग १६ मीटरवर असेल तर गुणोत्तर ८. लॅपटॉपवर चित्राची उंची १८ सेंटिमीटर असेल तर १४४ सेंटिमीटर मागे उभं राहून वाचा. जे वाचता येत नाही ते काढा, लहान करून ठेवू नका. देवनागरीत वर-खाली मात्रा-उकार असल्याने ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त मोकळी जागा लागते. आणि सभागृहाच्या संगणकावर फॉण्ट नसला की जोडाक्षरं तुटतात, ‘दीर्घिका’चा रफार भलतीकडे जातो. पूर्ण सादरीकरणाची पीडीएफ सोबत ठेवा. चलचित्रं मात्र पीडीएफमध्ये हलत नाहीत, म्हणून ती वेगळ्या एमपी४ फायली म्हणून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. इंटरनेटवरून चालवण्याच्या भरवशावर राहू नका.

निर्देशक हिरवा घ्या, त्याच शक्तीच्या लाल ठिपक्यापेक्षा डोळ्याला खूपच उजळ दिसतो. व्याख्यान थेट प्रक्षेपित होणार असेल तर लेझर विसरा, माउसचा बाण मोठा करून वापरा. स्लाइडचंच चित्र पुढे जात असेल तर लेझरचा ठिपका त्यात येतच नाही.

रंगांचा प्रश्न. एका वाक्यात: ‘रंग नेमून दिलेले आहेत, पण मनमानीने नाही.’ वेबच्या चित्रात सगळ्यांत लहान तरंगलांबीला निळा आणि सगळ्यांत मोठीला लाल, हा क्रम पाळतात. डोळाही तेच करतो, फक्त ०.४ ते ०.७ मायक्रॉनच्या पट्ट्यात. गाणं आपल्या पट्टीत आणून गायल्यासारखं आहे, सुरांचा क्रम तोच. ज्यांना तपशील हवा त्यांच्यासाठी: वेबच्या फिल्टरच्या नावातला आकडा शंभराने भागला की मायक्रॉन मिळतात. एफ०९०डब्ल्यू म्हणजे ०.९०, एफ४४४डब्ल्यू म्हणजे ४.४४.

आणि एक आग्रहाची विनंती. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात ‘प्रतिमा’, ‘मोजणीवरून काढलेलं चलचित्र’ किंवा ‘चित्रकाराची कल्पना’ यांपैकी एक शब्द लिहा. ट्रॅपिस्ट-१ च्या सात ग्रहांची जी सुंदर चित्रं फिरतात ती सगळी कल्पनाचित्रं आहेत, ते ग्रह दिसले फक्त ताऱ्याच्या प्रकाशातल्या घटीमधून. उलट एचआर ८७९९ चे ठिपके खरे ग्रह आहेत. तीन ग्रहांच्या प्रतिमा २००८ साली केक आणि जेमिनी दुर्बिणींवरून प्रसिद्ध झाल्या, चौथ्याची २०१० साली. त्याचं फिरणारं चलचित्र दाखवणार असाल तर हे सांगा की खऱ्या प्रतिमा मोजक्या आहेत, मधल्या चौकटी संगणकाने भरल्या आहेत, आणि मधला काळा भाग म्हणजे ताऱ्याचा झाकलेला उजेड. हे न सांगता दाखवणं मला चूक वाटतं.

ईएसओ (युरोपची दक्षिण वेधशाळा) आणि ईएसए-वेबची (युरोपीय अवकाश संस्थेच्या वेब दुर्बीण संकेतस्थळाची) बहुतेक चित्रं श्रेय देऊन वापरता येतात. श्रेय त्याच स्लाइडवर लिहा, शेवटी एकगठ्ठा नको.

शततारका

अनेक आभार. आराखडा आता २४ स्लाइडवर आणला: गाभा एस२, उलटा दाखला ५१ पेगासी. बाकी शोध काढले. फक्त एम८७ ची नारिंगी कडी काढवत नाही, लोक तीच बघायला येतील. ती दोन मिनिटांत कशी बसवावी? आणि १५ मिनिटांच्या प्रश्नांत कशाची तयारी ठेवू?

लोलक

एस२ च्या शेवटी बसवा. प्रवाह आपसूक येतो: जवळच्या फेरीत एस२ केंद्रापासून ०.०१५ विकलांच्या आत होता, म्हणजे एकट्या १० मीटर आरशालाही तो वेगळा दिसला नसता. म्हणून व्हीएलटीच्या चारही ८.२ मीटर दुर्बिणींचा प्रकाश ग्रॅव्हिटी नावाच्या उपकरणात एकत्र आणला आणि तपशिलापुरती १३० मीटरची दुर्बीण तयार झाली. तेच तत्त्व आणखी ताणलं की आठ रेडिओ दुर्बिणी आणि पृथ्वीएवढं अंतर. एम८७ ची प्रतिमा १० एप्रिल २०१९ ला जाहीर झाली, निरीक्षणं २०१७ ची, तरंगलांबी १.३ मिलिमीटर. आपल्या केंद्रातल्या कृष्णविवराची तशीच प्रतिमा १२ मे २०२२ ला आली. तुमच्या व्याख्यानाला तीच जास्त शोभते, कारण श्रोत्यांनी नुकतंच तोललेलं ते हेच. दोन्ही शेजारी ठेवा.

रंगाबद्दल इथे वेगळं उत्तर द्यावं लागतं. एकच तरंगलांबी असल्याने रंगाचा क्रम असा काही नाहीच, नारिंगी ही निव्वळ निवड आहे. त्यात खरं आहे ते कुठे उजळ, कुठे मंद एवढंच. आणि मधला काळा गोल म्हणजे घटनाक्षितिज (जिच्या आतून प्रकाशही सुटत नाही ती सीमा) नव्हे, त्याची सावली त्याच्या अडीच पटींहून थोडी मोठी पडते.

मृग

प्रश्नांबद्दल. खालचे हमखास येतात, प्रत्येकाला एक आकडा पुरतो.

‘चंद्रावरचा झेंडा का दाखवत नाही?’ १० मीटरचा आरसा, हवा अगदी निर्दोष धरली तरी, दृश्य प्रकाशात ०.०१३ विकलांपर्यंत जातो. चंद्राच्या अंतरावर ते होतं सुमारे २३ मीटर. झेंडा दीड मीटरचा. तो एक ठिपका म्हणून वेगळा दिसायलाही दीडशे मीटरहून मोठा आरसा लागेल. उतरण्याच्या जागांचे फोटो चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने घेतले आहेत, कारण ते जवळ होतं. ‘मग इतक्या लांबच्या दीर्घिका कशा दिसतात?’ हा पुढचा प्रश्न येतोच: त्या प्रचंड आहेत. देवयानी दीर्घिका आकाशात तीन अंश, म्हणजे सहा पूर्णचंद्र ओळीने ठेवल्याएवढी लांब आहे. ती नुसत्या डोळ्यांना एवढी मोठी दिसत नाही ती मंद असल्यामुळे.

‘आपण बघतो ते तारे आता मेलेले असतील ना?’ नाही, जवळजवळ सगळे जिवंत आहेत. नुसत्या डोळ्यांना दिसणारे तारे फार तर काही हजार प्रकाशवर्षं लांब आहेत आणि ताऱ्यांचं आयुष्य दशलक्षांपासून अब्जावधी वर्षांचं. हे ‘मेलेल्या ताऱ्यांचं’ वाक्य काव्यात्म आहे म्हणून वक्तेही वापरतात. कृपया वापरू नका.

‘ते कृष्णविवर आपल्याला गिळेल का?’ एस२ हा त्याच्या इतक्या जवळून जाऊनही गिळला जात नाही, हे तुम्ही नुकतंच दाखवलेलं असेल. आपण २६-२७ हजार प्रकाशवर्षं लांब आहोत. सूर्याची कक्षा ठरते ती आकाशगंगेच्या उरलेल्या वस्तुमानाने, त्यापुढे ४३ लाख सूर्य काहीच नाहीत. त्याचा आकारही सांगा: एका सूर्याला ३ किलोमीटर त्रिज्या, म्हणून ४३ लाखांना सुमारे १.३ कोटी किलोमीटर. बुध सूर्यापासून ५.८ कोटींवर आहे, म्हणजे ते बुधाच्या कक्षेत आरामात मावेल.

‘सर्वांत दूरची दीर्घिका किती लांब?’ इथे आकडे गोंधळ घालतात. वेबने पाहिलेल्या, ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाश लालकडे किती सरकला त्याचं माप) १४ च्या आसपास असलेल्या दीर्घिकांचा प्रकाश सुमारे १,३५० कोटी वर्षं प्रवास करून आला. पण त्या काळात विश्व पसरत राहिलं, त्यामुळे ती दीर्घिका ‘आत्ता’ ३,३०० कोटी प्रकाशवर्षांहून लांब आहे. दोन्ही आकडे बरोबर आहेत, उत्तरं वेगवेगळ्या प्रश्नांची आहेत. एकच द्यायचा तर ‘महास्फोटानंतर सुमारे ३० कोटी वर्षांनी ती कशी होती ते आपण बघतोय’ असं म्हणा. त्यात गफलत होत नाही.

‘याचा उपयोग काय?’ याला घाईने मोबाइलच्या कॅमेऱ्याचं उदाहरण देऊ नका, ओढूनताणून वाटतं. जे तंत्र तुम्ही समजावलेलंच आहे त्याकडे वळा: मुरगळलेली लहर मोजून सरळ करण्याची तीच पद्धत डोळ्याच्या पडद्यावरच्या एकेक पेशीचं चित्र घ्यायला वापरतात. विचारणारा समाधानी झाला नाही तरी ते खरं आहे.

व्यवस्थेचं थोडं. प्रश्न चिठ्ठ्यांवरही घ्या. मुलं मोठ्यांसमोर हात वर करत नाहीत, चिठ्ठीवर मात्र सगळ्यांत चांगले प्रश्न तीच लिहितात. चिठ्ठ्या व्याख्यान चालू असतानाच, एस२ च्या भागाकारानंतर गोळा करायला सुरुवात करा. प्रत्येक प्रश्न माइकवर पुन्हा उच्चारून मग उत्तर द्या, मागच्या रांगांना मूळ प्रश्न ऐकूच आलेला नसतो. आणि चाचणीची राखाडी स्लाइड, तारेचं वळं, ४२.९ लाखांची ओळ, एस२ चं उलट्या रंगांतलं चित्र हे सगळं शेवटच्या स्लाइडच्या मागे लपवून ठेवा. प्रश्न आला की दहा सेकंदांत परत जाता यायला हवं, त्यासाठी त्या स्लाइडचे क्रमांक कागदावर लिहून समोर ठेवा.

षट्कोन

मृग यांच्या यादीत भर: ‘आरसा किती गुळगुळीत असतो?’ हबलचं उदाहरण सगळ्यांत बोलकं. १९९० साली सोडल्यावर कळलं की त्याच्या २.४ मीटर आरशाची कड सुमारे २.२ मायक्रॉनने जास्त सपाट घासली गेली होती, केसाच्या जाडीचा अंदाजे पन्नासावा भाग. तेवढ्याने प्रतिमा धूसर झाल्या. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्तीचे आरसे बसवले. आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवा, मात्र दोन्ही एकाच दीर्घिकेची आणि एकाच मापाची घ्या. एम१०० ची अशी जोडी उपलब्ध आहे.

तारेचं वळं स्लाइडमागे लपवता येणार नाही, ते खिशात ठेवा.